वेगाचे पाणी कुठे मुरते?

नळाला पाणी कमी आले म्हणून कोणी शहाणी गृहिणी थेट पवना धरणाकडे धाव घेत नाही. ती आधी गच्चीवरची टाकी भरली आहे का पाहते, मग कॉक पुरता उघडा आहे का पाहते आणि शेवटी नळाच्या तोंडाची जाळी काढून झटकते. पुष्कळदा त्या जाळीतूनच चिमूटभर वाळू निघते आणि पाणी पूर्ववत धो धो वाहू लागते. २०१९ च्या नोव्हेंबरात ज्या पिंपरी-चिंचवड शहरावर दिवसाआड पाण्याची पाळी आली, त्या शहरातल्या माणसाला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. टाकी, कॉक आणि जाळी हा क्रम इथल्या शाळकरी पोरांनाही मुखोद्गत आहे.

पण हाच संसारी माणूस घरातले इंटरनेट मंद झाले की मात्र पहिल्याच पावलाला धरण गाठतो. मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळला, चित्रपटाच्या ऐन रंगात पडद्यावर ते चक्र फिरू लागले, कचेरीचे कागद उतरवून घ्यायला अर्धा तास लागला, की तो कंपनीला फोन करतो, दोन शब्द सुनावतो आणि शेवटी वैतागून स्वतःच मोठी योजना घेतो. पन्नासची शंभर, शंभरची तीनशे. दरमहा बिल वाढते. चक्र मात्र आपल्या गतीने फिरतच राहते. मग तो सुस्कारा टाकून म्हणतो, "सगळ्या कंपन्या सारख्याच!"

वाचकहो, कंपन्यांची वकिली करण्याचे मला काहीच कारण नाही. मी मराठीचा अध्यापक. माझा व्यवहार शब्दांशी. परंतु टाकी, कॉक आणि जाळी हा जो क्रम आपण पाण्याच्या बाबतीत पाळतो, तोच इथेही पाळावा आणि तो पाळल्याखेरीज खिशात हात घालू नये, एवढीच गोष्ट मला या लेखात सांगायची आहे.

ही सारी चैनीची रडगाणी आहेत असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या या पट्ट्यातून एकदा फिरून यावे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि चिंचवड, आकुर्डी, भोसरी करीत कारखान्यांची रांग चाकणच्याही पुढे गेली. त्या रांगेमागोमाग मराठवाडा, खानदेश, विदर्भातली तरुण पोरे पत्र्याची ट्रंक घेऊन आली. पूर्वी त्यांच्या घरची खुशाली पोस्टकार्डाने येई आणि पगार मनीऑर्डरने जाई. आज आईचा चेहरा दिसतो तो हवेतून, पगार घरी जातो तो हवेतून, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेचा अर्ज भरला जातो तोही हवेतूनच. दिवसभर यंत्रावर उभे राहून रात्री बी.ए.चा धडा ऐकू पाहणाऱ्या मुलाला झोपेतली एकेक मिनिटे मोजून ते काम करावे लागते. त्याच्या लेखी हे फिरते चक्र म्हणजे करमणुकीतला अडथळा नव्हे. ते त्याची झोप खाते.

आधी हिशेब, मग तक्रार

प्रथम एक साधा हिशेब. 'शंभरची योजना' म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. पण संगणक फाइल उतरवून घेताना जो आकडा दाखवतो, तो बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होत, तसे एका बाइटचे आठ बिट होतात. म्हणजे शंभरच्या योजनेत पडद्यावर १२.५ च्या आसपास आकडा दिसला, तर कोणी फसवलेले नाही. भाव आण्यांत सांगितला आणि माल रुपयांत मोजला, इतकेच! कित्येक तंटे या एका भागाकाराने मिटतील.

हिशेब जुळत नसेल तर मोजणी करावी. मोजणीची सोय फोनवर वा संगणकावर फुकट मिळते. पण ती कुठे उभे राहून करायची, यातच सारी मेख आहे. घरातली इतर यंत्रे थोडा वेळ बंद ठेवावीत आणि तीन ठिकाणी मोजावे. पहिली मोजणी तारेने: संगणक थेट राउटरला जोडून. दुसरी राउटरच्या शेजारी, चारपाच हातांवर, बिनतारी. तिसरी जिथे आपले काम अडते त्या खोलीत. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा असे तीनदा करून आकडे वहीत लिहून ठेवावेत. नऊ आकड्यांचे हे कोष्टक म्हणजे घराची नाडीपरीक्षा.

तारेनेच वेग कमी आला, तर दोष बाहेरचा असण्याचा संभव मोठा. योजनेतली महिन्याची मर्यादा संपली की वेग उतरवतात, ते आधी तपासावे. तारही पाहावी. तिच्यात आठ बारीक तारा असतात. शंभरपर्यंतच्या वेगाला त्यांतल्या चार पुरतात. हजारापर्यंत जायचे तर आठही शाबूत लागतात. एखादी तुटली की वेग निमूटपणे शंभरावर येऊन बसतो. जुन्या राउटरचे तोंडही पुष्कळदा शंभराचेच असते; त्यावर तीनशेची योजना घेणे म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळाला दोन इंची पाइप जोडणे. हे सारे ठीक असूनही आकडा कमी येत असेल, तर कंपनीला खुशाल फोन करावा आणि वही पुढे ठेवून बोलावे. "फार स्लो आहे हो" या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. तारखेवार नऊ आकड्यांना उत्तर देणे तितके सोपे नसते.

पण तारेने वेग पुरेपूर आला आणि बिनतारी मात्र घसरला, तर समजावे की धरण भरले आहे, टाकीही भरली आहे. पाणी मुरते आहे ते आपल्याच घरात, शेवटच्या वीस फुटांत.

भिंतीपलीकडची हाक

'बिनतारी' हा आपला जुना शब्द मला 'वायफाय'पेक्षा अधिक आवडतो, कारण तो खरे काय ते सांगतो. राउटर हे एक लहानसे रेडिओ केंद्र आहे. ते साधारणपणे दोन पट्ट्यांत बोलते. एक २.४ गिगाहर्ट्झचा, ज्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, ज्याची लहर त्याच्या निम्म्याहूनही थोडी आखूड. पहिला आवाज भिंतीपलीकडे बरा पोचतो, पण तो पट्टा अरुंद आहे. दुसरा भरभर बोलतो, पण दोन भिंती मध्ये आल्या की त्याचा दम तुटतो. म्हणून राउटर असलेल्या खोलीत पाचाचा पट्टा आणि लांबच्या खोलीत अडीचाच्या आतला, अशी निवड करावी. पुष्कळ घरांत दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते आणि फोन मुकाट्याने मंद पट्ट्याला चिकटून बसतो. दोन नावे वेगळी केली की हा घोटाळा उमगतो.

भिंतीची ताकद चाकणकरांना सांगायला नको. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने संग्रामदुर्गाच्या भिंतींआडून शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला दोन महिन्यांच्या आसपास झुंजवले. शेवटी सुरुंगाने बुरूज उडवला तेव्हा खानाला वाट मिळाली. आपल्या घरांत सिमेंटच्या भिंती, त्यांतल्या लोखंडी सळया, पाण्याची टाकी, मागे धातूचा मुलामा असलेला मोठा आरसा आणि लोखंडी कपाट हे सारे असेच बुरूज आहेत. आणि आपण करतो काय? ती पेटी दिसायला बरी नाही म्हणून कपाटामागे लपवतो, दूरदर्शन संचाच्या पाठीमागे कोंबतो किंवा स्वयंपाकघराच्या माळ्यावर पितळी डब्यांच्या संगतीत ठेवतो. वक्त्याला पडद्याआड बसवून भाषण ऐकू येत नाही म्हणून कुरकुरायचे, असा हा प्रकार.

चाकणजवळच्या एका वाडीत कामगारांसाठी बांधलेली खोल्यांची रांग आहे. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचे. इंटरनेटची जोडणी घरमालकाच्या रांगेच्या टोकावरील पक्क्या घरात. आमच्याच महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी सहाव्या खोलीत राहतो. वीस मिनिटांचा धडा ऐकायला त्याला तास लागे. खोल्याखोल्यांतून वर्गणी काढून तिप्पट वेगाची योजना घ्यायची, असा पोरांचा बेत ठरत आला होता. त्याने आधी मोजणी केली. योजना शंभरची. मालकाच्या घरी तारेने ९४ आले, अंगणात बिनतारी ६०, आणि सहाव्या खोलीत ४. तीनशेची योजना घेतली असती तरी त्या चारांचे फारसे काही झाले नसते, कारण पत्रा रेडिओच्या लहरीला आरपार जाऊच देत नाही. आरशासारखा परत फिरवतो. पोरांनी मग पंचवीस मीटर तार घेतली, रांगेच्या कडेने खिळ्यांनी ठोकली आणि मधल्या ओट्यावर तारेच्या टोकाला दुसरी पेटी बसवली. सहाव्या खोलीतला आकडा पन्नाशीवर गेला. वाढीव वर्गणीच्या मानाने हा एकवेळचा खर्च किरकोळ ठरला. दुसरी पाळी संपवून आल्यावर तो मुलगा आता जेवता जेवता धडा उतरवून घेतो. परीक्षेचा निकाल अजून लागायचा आहे. पण निदान अभ्यासाला वेळ मिळाला नाही असे तो म्हणणार नाही.

इथे एक सावधगिरी. बाजारात 'रिपीटर' नावाची डबी मिळते. ती तार न लावता आवाज पुढे पोचवते खरी, पण साध्या डबीला ऐकणे आणि पुन्हा सांगणे ही दोन्ही कामे एकाच पट्ट्यावर करावी लागतात. त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. ती बसवायचीच असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हे, जिथे मूळ आवाज अजून स्वच्छ येतो तिथे, मध्यावर बसवावी. तार नेता येत असेल तर तारेसारखे दुसरे काही नाही. बिनतारी सुख शेवटी तारेवरच उभे आहे!

एका वेळी एकानेच बोलावे

पेटी मोकळ्यावर ठेवली, मध्ये भिंत नाही, तरीही रात्री वेग पडतो. याचे कारण शेजारी.

भारतात २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला. मोकळे मैदान मिळाले की जे होते तेच झाले. त्या पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत असे म्हणतात. पण ती एकमेकांच्या अंगावर इतकी रेलून बसलेली आहेत की परस्परांना धक्का न लावता वापरता येतील अशी तीनच निघतात: १, ६ आणि ११. पिंपळे सौदागर किंवा मोशीच्या एखाद्या इमारतीत आपल्या फोनवर शेजाऱ्यांच्या राउटरांची नावे मोजून पाहा. वीस-पंचवीस सहज भरतील. पंचवीस घरे आणि वाटा तीन! शिवाय या यंत्रांचा शिष्टाचार असा की, बोलण्यापूर्वी कान द्यायचा आणि दुसरा कोणी बोलत असेल तर थांबायचे. आपल्या सभांतून हा नियम पाळला जात नाही. यंत्रे तो कसोशीने पाळतात. म्हणून गर्दीत आपली पेटी बंद पडलेली नसते; ती नम्रपणे आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. चाकणच्या चौकात संध्याकाळी जशी मोटारीची ताकद कुचकामी ठरते, तशीच इथे योजनेची.

यावर उपाय दोन. जवळच्या कामाला पाचाच्या पट्ट्यावर जावे. तो पुष्कळ रुंद आहे आणि शेजाऱ्याचा आवाज भिंतीतच अडतो. आणि जुन्या पट्ट्यावर राहायचेच असेल तर १, ६, ११ पैकी ज्यावर गर्दी कमी ते चॅनेल निवडून चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. दुप्पट रुंदी निवडली की वेग दुप्पट होईल असे वाटते. प्रत्यक्षात आपण दोन रांगांत पाय अडकवून बसतो. पाळीवर चालणाऱ्या वस्तीत गर्दीची वेळही निराळी असते. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री खोल्याखोल्यांतून फोन उघडतात. म्हणूनच मोजणी रात्री उशिराही करायची.

ऐकणाऱ्याचे कान

आता एक चमत्कारिक तक्रार. "सर, फोटो पाठवतो तेव्हा झटकन जातात, उतरवून घेतो तेव्हाच गाडी अडते." पाठवणे चांगले आणि घेणे वाईट, हे कसे?

याचे उत्तर सोपे आहे. पाठवताना आपले यंत्र बोलते आणि पेटी ऐकते. उतरवून घेताना पेटी बोलते आणि आपले यंत्र ऐकते. आपल्या यंत्राच्या कानाशीच कोणी गोंगाट करीत असेल, तर त्याचे बोलणे पोचेल, पण ऐकणे बिघडेल. असा गोंगाट करणारा एक साळसूद सोबती म्हणजे संगणकाला यूएसबी ३ च्या तारेने जोडलेली जलद हार्ड डिस्क. तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर बाहेर पडते, हे इंटेल कंपनीने २०१२ साली एका शोधपत्रात दाखवून दिले. डिस्क हातभर दूर ठेवावी किंवा पाचाच्या पट्ट्यावर जावे, तक्रार संपते. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. दूध तापेपर्यंत वेग पडला तर आश्चर्य नको.

ट्रंक कॉलच्या काळी माणसे फोनमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडत. तोच आपला स्वभाव अजून आहे: वेग कमी, तर चार शिंगांचा जबरदस्त राउटर आणा! पण पेटी कितीही मोठ्याने ओरडली तरी फोनला इवल्याशा आवाजातच उत्तर द्यावे लागते, आणि ते पेटीला ऐकू आले पाहिजे. बिनतारी वेग म्हणजे ओरडणे नव्हे. स्वच्छ ऐकू येणे होय.

याचा पुरावा आमच्याच रस्त्यावर आहे. भोसरीहून निघालेला नाशिक रस्ता मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावला पोचतो. तिथून जवळच खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची विराट रेडिओ दुर्बीण, जी.एम.आर.टी., उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती १९९० च्या दशकात उभारली गेली. ती आकाशाला एक शब्दही बोलत नाही, नुसती ऐकते. ही जागा निवडली तीच मुळी डोंगरांच्या आडोशामुळे आणि माणसाच्या रेडिओ-गोंगाटापासून दूर असल्यामुळे. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही अलीकडे या शांततेचा प्रश्न उभा राहिला. त्या दुर्बिणीची लहर आपल्या राउटरपेक्षा लांब आहे, पण तत्त्व एकच: क्षीण आवाज ऐकायचा तर आधी गोंगाट दूर करा.

आणि हे नाते नुसते उपमेचे नाही. ऑस्ट्रेलियातल्या सी.एस.आय.आर.ओ. या संस्थेतले जॉन ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे क्षीण संदेश ते शोधत होते. ते संदेश मिळाले नाहीत. पण गोंगाटातून आवाज निवडण्याचे जे गणित त्यांच्या हाती आले, ते पुढे घरातल्या बिनतारी जाळ्यासाठी उपयोगी पडले. खोलीच्या भिंतींवर आपटून लहरींचे प्रतिध्वनी उठतात आणि शब्दांत शब्द मिसळतात. मोठ्या दिवाणखान्यात भरभर बोलणाऱ्याचे बोलणे कळत नाही, तसे. ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाने भरभर बोलण्याऐवजी अनेक सुरांत एकाच वेळी सावकाश बोलण्याची युक्ती योजली. तिचे अमेरिकन पेटंट १९९६ सालचे आहे.

शेवटची झाडाझडती

एवढे करूनही वेग आला नाही, तर राउटरच्या मांडणीत दोन गोष्टी पाहाव्यात. परवलीच्या शब्दाचे संरक्षण जुन्या 'टीकेआयपी' किंवा 'डब्ल्यूईपी' पद्धतीचे ठेवलेले असेल, तर नवी यंत्रेही ५४ मेगाबिटच्या जुन्या वेगावर उतरतात. तिथे 'डब्ल्यूपीए २ – एईएस' किंवा त्याहून नवे निवडावे. वेगही वाढतो आणि कुलूपही मजबूत होते. दुसरी गोष्ट, घरातला एखादा फोन दिवसभराचे फोटो गुपचूप वर चढवत तर नाही ना? चढणारी वाट तुंबली की उतरणारा मालही खोळंबतो, कारण प्रत्येक गठ्ठ्याची पोच वरच्या वाटेनेच परत जात असते. ते काम झोपेच्या वेळी लावून द्यावे.

आता दिवाळी आली आहे. घरोघर झाडझूड होईल, कपाटे पुढे ओढली जातील, माळे रिकामे होतील. भाऊबीजेला बहिणी येतील, त्यांची मुले येतील, एरवी चार फोन असलेल्या घरात चौदा होतील आणि सगळ्यांना एकाच वेळी तीच हवा लागेल. तेव्हा कपाट ओढाल त्याच दिवशी त्याच्यामागची ती धुळीने माखलेली पेटी बाहेर काढा, पुसा आणि घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. मग वही घेऊन तीन ठिकाणी मोजा. त्यानंतरही मोठी योजना घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या. पण बहुतेकांना त्या पैशांत फराळाचा एक डबा जास्त करता येईल, असा माझा अंदाज आहे.